मंडईतला एक तास आणि बाबांचा रिचार्ज

बंगळूर,
9 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या रिचार्जला ऑटोपे लावायचा विषय मी फोनवर तीनदा काढला आणि तिन्ही वेळा बाबा 'बरं, बघू' म्हणून आईच्या हातात फोन देऊन मोकळे झाले. म्हणून कागदावर उतरवते आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही, आणि पटला नाही तरी बाबा तो पंच करून फाइलला लावणार, हे मला ठाऊक आहे.

मंडईची हकिगत मला दोघांकडून वेगवेगळी कळली. जुळवून पाहिली तर अशी दिसते. तुम्ही दोघं मेट्रोने निघालात, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून मंडईला उतरलात. आई तुळशीबागेत शिरली, बाबा भाजीकडे वळले. तासाभराने स्टेशनच्या दाराशी भेटायचं ठरलं होतं, पण आई राममंदिरात जाऊन बसली, कारण तिच्या मते ठरलं होतं तेच. बाबांनी फोन लावला तर बाईचा आवाज, वैधता संपली म्हणून. मग फुलवाल्याचा फोन मागून घेतला, तर आई उचलेना. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे तिला बाबांनीच बजावलेलं! आईला स्वतःहून बाबांना फोन करता आला असता, त्यांच्या फोनवर येणारे कॉल चालू होते. पण 'मी कशाला करू, करतीलच की तेच' म्हणून ती बसून राहिली. हसले मी खूप. नंतर रात्री मात्र झोप लागली नाही. मंडईऐवजी दवाखाना असता तर, असं मनात येत राहिलं.

बाबा, चूक तुमची नव्हती. वहीत तुम्ही रिचार्जची तारीख लिहिली होती आणि पुढच्या महिन्याची तीच तारीख धरून चाललात. पण तुमचा प्लॅन 28 दिवसांचा आहे. या हिशेबाने वर्षाला तेरा रिचार्ज होतात. आपल्याकडे अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो, या फोन कंपन्यांकडे दरवर्षी. तारीख सारखी मागे सरकते आणि वही फसते. यावर ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022 मध्येच कंपन्यांना सांगितलं आहे की, दर महिन्याला त्याच तारखेला नवा होणारा निदान एक तरी प्लॅन ठेवा. दुकानात तो कोणी आपणहून दाखवत नाही, मागावा लागतो. तुमच्यासाठी तोच घेऊ आणि पाच तारीख धरू, तोवर पेन्शन जमा झालेली असते. त्यावर ऑटोपे लावायचं, म्हणजे रिचार्ज आपोआप होईल.

आता तुमचा आक्षेप. 'माझ्या खात्यातून मला न विचारता कोणी पैसे काढायचे, हे मला चालणार नाही.' बरोबर आहे. पण विम्याचा हप्ता वर्षानुवर्षं ईसीएसने, म्हणजे खात्यातून आपोआप कापून, कोण भरत आलं? मला पहिली नोकरी लागली तेव्हा आरडी उघडायला लावून 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दे, म्हणजे हाताला खाज सुटणार नाही' असं सांगणारे तुम्हीच. यूपीआयचं ऑटोपे म्हणजे त्याचंच धाकटं भावंड, 2020 साली आलेलं. उलट त्यात तुमच्या ईसीएसपेक्षा विचारपूस जास्त. सुरू करताना तुम्ही स्वतः पिन टाकल्याशिवाय काही होत नाही. पुढे दर वेळी पैसे कापायच्या निदान 24 तास आधी कळवलं गेलंच पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मेसेज आला की वहीत लिहा, नको असेल तर त्याच दिवशी थांबवा. थांबवायला कंपनीच्या दारात जावं लागत नाही. तुम्ही ज्या ॲपवरून वाण्याला पैसे देता, त्यातच ऑटोपे नावाचा भाग असतो. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात आणि तिथेच त्या रद्द होतात. झालेल्या रिचार्जचे पैसे अर्थात परत येत नाहीत.

पेपरात वाचून तुम्ही म्हणालात ते खरं आहे, पंधरा हजारांपर्यंतच्या अशा वजावटीला दर वेळी पिन लागत नाही. पण ती झाली नियमाची वरची हद्द. तुमच्या परवानगीवर तिची स्वतःची कमाल रक्कम लिहिलेली असते. पिन टाकण्याआधी चष्मा लावून ती वाचायची, आणि रिचार्ज शेकड्यांचा असताना तिथे हजार दिसले तर सरळ मागे फिरायचं. शिवाय मला आणखी एक कडी घालायची आहे. पेन्शनच्या खात्याला हे जोडायचंच नाही. तुमचं ते दुसरं बचत खातं नुसतं पडून आहे, त्यात किमान शिल्लक सोडून वर दोन हजार ठेवा आणि हे तिथून जाऊ द्या. मात्र तिथे पैसे नसतील तर रिचार्जही होणार नाही. पहिला प्रयत्न फसला तर आणखी तीनदा करून बघतात आणि सोडून देतात. पैसे कापल्याचा मेसेज रात्री साडेनऊनंतर आला तर दचकू नका. या ऑगस्टपासून अशा वजावटी गर्दीच्या वेळा टाळून, म्हणजे सकाळी दहाच्या आत, दुपारी एक ते पाच किंवा रात्री साडेनऊनंतरच होतात.

मी माझ्या खात्यातून भरते म्हटलं तेव्हा तुम्ही गप्प झालात. ते मला नंतर कळलं. पुन्हा म्हणणार नाही.

आणि खरं सांगू? मला वाटतं अडचण पैशांची नाहीच. रिचार्जच्या निमित्ताने तुम्ही कोपऱ्यावरच्या शेटच्या दुकानात जाता, स्टुलावर बसता, कोथरूडच्या वाहतुकीचा उद्धार करता, अर्ध्या तासाने परत येता. ते मला मोडायचं नाहीये. दुकानात जायला रिचार्जच कशाला हवा? बिस्किटं तिथेही मिळतात.

आईच्या फोनला ऑटोपे नको. तिचा बटणांचा फोन, तिला डेटाचा काय उपयोग? डेटा नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा रिचार्ज ठेवा, असं ट्रायने गेल्या डिसेंबरात कंपन्यांना बजावलं. त्याची वैधता 365 दिवसांपर्यंत असू शकते. तो वर्षाचा एकदम मारायचा आणि तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवायची. हा रिचार्ज शेटकडूनच करा, म्हणजे त्यांचाही धंदा बुडायला नको.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. 'ऑटोपे बंद पडलंय, पिन सांगा' किंवा 'लिंक पाठवतो, दाबा' असा फोन कोणाचाही आला तरी ठेवून द्यायचा, माझं नाव सांगितलं तरी. चुकून काही झालंच तर लाजून बसू नका, लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. बाबांच्या नंबराला आधार, गॅस, पेन्शनचं खातं, सगळं चिकटलेलं आहे. नंबर रिचार्जविना, वापराविना पडून राहिला तर तीन महिन्यांनंतर तो काढून घेता येतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो.

मी 22 ला रात्री पोचते. रविवारी सकाळी चहा झाल्यावर बसू. फोन तुमच्या हातात राहील, सगळं तुम्हीच दाबायचं, मी नुसती शेजारी. पिन टाकताना मी गॅलरीत जाऊन आईची तुळस बघेन. बाबांची आत्ताची वैधता 19 ला संपते, तेव्हा त्याआधी एकदा दुकानात जाऊन या.

तुमची,
मनू

ता. क. आई, पुन्हा चुकामूक झाली तर तूच फोन कर. बाबांचा नंबर 2 वर लावून ठेवला आहे, बटण जरा दाबून धरायचं. आणि तुळशीबागेतून घेतलेली ती गाळणी माझ्यासाठी असेल तर पाठवू नकोस, येतेच आहे.