गाडी कोणती, हे आधी विचारणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

सॉकेट सेट, म्हणजे नट-बोल्टच्या मुंडीवर बसणाऱ्या नळीसारख्या पान्यांचा संच, मागितला की बहुतेक दुकानांत १०८ नगांची पेटी काउंटरवर येते. तुम्ही पेटी काढली नाहीत. "गाडी कोणती? आणि काय काय स्वतः करणार?" एवढंच विचारलंत. ऑइल बदलणं, प्लग काढणं, चेन ताणणं आणि मागचं चाक उतरवणं, एवढीच यादी निघाल्यावर तुम्ही वीसेक नग सुटे मोजून दिलेत आणि मोठी पेटी विकायचं नाव काढलं नाहीत. त्यात तुमचा धंदा कमी झाला, हे आम्हाला कळतं. मनापासून आभार. पहिल्यांदा सेट घेणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून तुम्ही सांगितलेलं सगळं इथे उघड पत्रात मांडतोय. कुठे चुकलं असेल तर दुकानात कान धरा.

सगळ्यात मोलाचं होतं ते ड्राइव्हबद्दलचं. रॅचेट म्हणजे एकाच दिशेने पकडणारं हँडल. त्याचा चौकोनी दांडा सॉकेटमध्ये बसतो, त्या दांड्याचं माप म्हणजे ड्राइव्ह. पाव इंच, तीन-अष्टमांश इंच आणि अर्धा इंच, असे तीन प्रकार नेहमीचे. १०८ नगांच्या पेटीत बहुतेकदा पाव इंची आणि अर्धा इंचीच असतात, मधला तीन-अष्टमांश नसतोच. आणि मोटरसायकलला नेमका तोच लागतो. पाव इंची हँडल १४-१५ सेंटिमीटरचं. मॅगच्या (मॅग्नेटोच्या) झाकणाचे बारीक बोल्ट त्याने छान निघतात, पण ड्रेन बोल्टवर, म्हणजे ऑइल काढायच्या तळाच्या बोल्टवर, त्याला जोर पुरत नाही. अर्धा इंची हँडल २५ सेंटिमीटरचं आणि डोकं जाड. इंजिन आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत ते शिरत नाही, शिवाय त्याला जोर गरजेपेक्षा जास्त.

जास्त जोर म्हणजे किती, हे तुम्ही बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलंत. एम-६ बोल्ट, म्हणजे ज्याचे आटे ६ मिलिमीटरचे, त्याला इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरतात. २५ सेंटिमीटरच्या हँडलवर त्यासाठी टोकाला फक्त ४ किलोचा ओढा लागतो. माणूस बसल्या जागी २० किलो सहज ओढतो, म्हणजे ५० न्यूटन-मीटर, गरजेच्या पाचपट. मग एक तर बोल्ट मुंडीपाशी तुटतो, नाहीतर केसिंगचे आटे बोल्टला चिकटून बाहेर येतात आणि हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवायची पाळी येते. तीन-अष्टमांशचं हँडल १८ ते २० सेंटिमीटरचं असतं. त्यावर ड्रेन बोल्ट आरामात सुटतो, आणि बारीक बोल्ट आवळताना रॅचेट डोक्याजवळ दोन बोटांत धरलं की हात आपोआप आवरतो.

दुसरं म्हणजे सहा कोनी की बारा कोनी. बारा कोनी सॉकेट बोल्टवर पटकन बसतं, म्हणून हाताला बरं वाटतं. पण ते जोर लावतं मुंडीच्या कोपऱ्यांपाशी. सहा कोनी सपाट बाजूंवर लावतं. गंजलेल्या किंवा आधीच कुणी पक्कड मारून ठेवलेल्या बोल्टवर बारा कोनी घसरलं की कोपरे गेलेच. रॅचेट हातात असताना बारा कोनीचा फायदा तसा उरतही नाही. ७२ दाती रॅचेट ५ अंशांत पुढचा दात पकडतं, २४ दाती १५ अंशांत. अडचणीच्या जागेत दात जास्त असलेलं रॅचेट कामाला येतं, सॉकेटचे कोन नाही.

काउंटरवरची तुमची परीक्षा आम्ही जशीच्या तशी उचलली आहे. तुम्ही दोन १० नंबरी सॉकेट उताणी ठेवलीत. एकाचं तोंड आतून चांगलंच उतरतं घासलेलं होतं, दुसऱ्याचं जवळजवळ सपाट. मग ८ नंबरच्या मुंडीचा, खाली चकती असलेला एम-६ बोल्ट घेतलात. त्याची मुंडी मुळातच बुटकी. उतरत्या तोंडाच्या ८ नंबरी सॉकेटात तो घातला तर जेमतेम वरचा अर्धा भाग पकडीत येत होता, खालचा नुसता हवेत. बोल्टच्या मुंड्या गोल होण्याचं अर्धं कारण तिथे आहे आणि सॉकेटवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं छापून ते लपत नाही. नाशिकच्या टपारियाचा माल असो, जालंधर-लुधियानाकडचा असो की आणखी कुठला, सॉकेट उताणं करून बघायचं आणि बोल्ट घालून हलवून बघायचा. तेव्हापासून सॉकेट घ्यायला जाताना आम्ही खिशात गाडीचे दोन बोल्ट ठेवतो.

रॅचेटचीही परीक्षा तशीच. कानाजवळ फिरवून टकटक ऐकणारे पुष्कळ, पण तुम्ही नट बोल्टवर सैल चढवून रॅचेटने फिरवायला लावलात. आतून हलकं फिरणारं रॅचेट मागे जाताना नट जागेवर राहतो. जड फिरणारं रॅचेट नटालाही मागे घेऊन येतं, आणि मग सायलेन्सरच्या मागे हात घालून काम करताना तो नट कधीच चढत नाही. दिशा बदलायची कळ हातात धरल्यावर तळव्याखाली येऊन फिरत नाही ना, तेही बघायचं.

आता मापं. इथे ‘गाडी कोणती’ या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. १० नंबरी सॉकेट म्हणजे मुंडीच्या सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत १० मिलिमीटर. आट्यांचं माप वेगळं. जपानी वळणाच्या गाड्यांत, म्हणजे हिरो, होंडा, यामाहा, सुझुकीत, एम-८ बोल्टची मुंडी १२ ची आणि एम-१० ची १४ ची. चाकणला बनणाऱ्या केटीएमसारख्या युरोपी वळणाच्या गाडीत एम-८ ला १३ लागतं. रॉयल एनफिल्डलाही १३ बऱ्याच ठिकाणी. १२ च्या मुंडीवर १३ चं सॉकेट बसतं, फिरतंही, आणि जोर आला की कोपरे खातं. तोंडाचंच माप अर्धा इंच असलेलं (ड्राइव्ह नव्हे) सॉकेट त्याहून फसवं, कारण ते १२.७ मिलिमीटर असतं. हाताला जवळजवळ बरोबर वाटतं. इंचाच्या मापांचे नग पेटीत असतील तर आपल्या रस्त्यावरच्या आजच्या गाड्यांना त्यांचा उपयोग नाही. जुनी बुलेट असेल तर गोष्ट निराळी. मद्रासला १९५५ पासून जी बुलेट जुळू लागली ती इंग्लंडच्या नकाशावरची, तिच्यात ब्रिटिश मापाचे आटे सापडतात, आणि त्यांना मिलिमीटरही बसत नाहीत आणि अमेरिकी इंचही नाहीत.

तुम्ही मोजून दिलेले नग असे: सहा कोनी आखूड सॉकेट ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९. उंच सॉकेट १०, १२ आणि १४, कारण सायलेन्सरच्या तोंडाशी स्टड (मुंडी नसलेला आट्यांचा दांडा) नटाबाहेर डोकावतो आणि आखूड सॉकेट त्यावर टेकून वरच राहतं. प्लगचं एक. अ‍ॅलनचे, म्हणजे सहा कोनी खळग्याच्या बोल्टचे, बिट ४, ५, ६, ८. एक्स्टेन्शन ७५ आणि १५० मिलिमीटरची, एक युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकणारा सांधा), एक रॅचेट. होंडाच्या जुन्या घडणीच्या लहान इंजिनांत टॅपेटचा (व्हॉल्व्हची फट जुळवण्याच्या स्क्रूचा) लॉक नट ९ चा असतो, म्हणून ९ वेगळं सांगून घेतलं. तीन-अष्टमांशच्या पुष्कळ सेटमध्ये नेमकं तेच नसतं.

बाजारात ४६ नगांचा छोटा सेटही सगळीकडे मिळतो. त्याला तुम्ही वाईट म्हणाला नाहीत, आणि तेही बरोबर आहे. तो पाव इंची, सॉकेट ४ ते १४ पर्यंत. साइड पॅनल, बॅटरीचे टर्मिनल, नंबर प्लेट यांना उत्तम. पण १६ चा प्लग नाही, १७ चा ड्रेन बोल्ट नाही. पहिला सेट म्हणून तो घेतला की ऑइल बदलायच्या दिवशीच अडतं.

प्लगचं सॉकेट घेताना प्लगच्या आट्याचं माप बघायचं. १० मिलिमीटर आट्याच्या प्लगला १६, १२ च्याला १८, आणि जुन्या १४ मिलिमीटरच्या नेहमीच्या प्लगला २१. स्प्लेंडरसारख्या गाडीला १६. सॉकेटमध्ये रबर किंवा चुंबक हवं, नाहीतर सुटलेला प्लग खड्ड्यातच राहतो. आणि बाहेरून ते बारीक हवं, कारण काही हेडमध्ये प्लगची विहीर अरुंद असते आणि जाड सॉकेट भिंतीला घासत खाली टेकतच नाही. अर्धवट टेकलेल्या सॉकेटने जोर लावला की पांढरी चिनीमाती तडकते. काढायच्या आधी हवेने किंवा ब्रशने खड्ड्यातली माती साफ करायची. बसवताना रॅचेट बाजूला, फक्त सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोटांत. पाच-सहा फेरे बोटांनी सहज गेले तर आटे बरोबर लागलेत. अडलं तर मागे यायचं, पुढे रेटायचं नाही. बोटांनी टेकल्यावर नव्या वॉशरचा प्लग साधारण अर्धा फेरा. जुनाच परत लावत असाल तर त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून अगदी थोडा, फेऱ्याचा बारावा भाग.

ड्रेन बोल्टसाठी इंजिन चार-पाच मिनिटं चालवून ऑइल कोमट करायचं. १७ चं सॉकेट तळापर्यंत टेकवायचं, दुसऱ्या हाताने रॅचेटचं डोकं सरळ दाबून धरायचं आणि मग ओढायचं. तिरक्या सॉकेटनेच मुंडी जाते. वॉशर नवा. जुना वॉशर वापरला की थेंब थेंब गळतं, मग माणूस बोल्ट आणखी आवळतो, आणि आटे जातात ते या दुसऱ्या आवळण्यात. किती आवळायचं त्याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, लहान गाड्यांत साधारण २५ न्यूटन-मीटर.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर झाला की कळवणारा पाना, याबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते फार थोडे दुकानदार सांगतात. अर्धा इंची, ४० ते २१० न्यूटन-मीटरचं रेंच स्वस्तात मिळतं, पण एम-६ च्या १० न्यूटन-मीटरला ते आंधळं आहे. त्याचा आकडाच ४० पासून सुरू होतो. इंजिनच्या बोल्टसाठी ५ ते २५ चं वेगळं घ्यावं, आणि दोन्ही परवडत नसतील तर लहान आधी. काम झालं की ते सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं आणि त्याने बोल्ट कधी सोडवायचा नाही. सरळ एक्स्टेन्शनने आकडा बदलत नाही, युनिव्हर्सल जॉइंटने बदलतो.

अडलेला बोल्ट रॅचेटने सोडवायचा नाही, याबाबत तुमचा आवाज जरा चढला होता, आणि तो चढायलाच हवा. आतली कुत्री, म्हणजे चाकाच्या दातांत अडकणारा छोटा तुकडा, मोजक्याच दातांवर उभी असते. तिच्यावर नळी घालून लटकलं की ती तुटते आणि हात थेट इंजिनच्या पट्ट्यांवर (फिन्सवर) जातो. मागच्या एक्सलसाठी अर्धा इंची लांब बार आणि एक्सलच्या नटाचं एकच सॉकेट सुटं घ्यायचं. ते माप गाडीगणिक बदलतं, म्हणून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावूनच. दुसऱ्या बाजूची मुंडी धरायला रिंग पाना लागतोच. चेन अ‍ॅडजस्टरचा लॉक नट, आरसे, क्लच केबल, इथे सॉकेट शिरत नाही. म्हणून सॉकेटांच्या जोडीला १०, १२, १४, १७ चे रिंग-फिक्स पाने तुम्ही आग्रहाने दिलेत. चेन २० ते ३० मिलिमीटर खालीवर हलते का बघायचं आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करून मगच एक्सल आवळायचा. तुमचे हे शब्द पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवले आहेत.

अ‍ॅलनच्या बिटांचं राहिलंच. डिस्क कॅलिपरच्या बोल्टच्या खळग्यात माती आणि ब्रेकची भुकटी घट्ट बसलेली असते. दाभणाने ती खरवडल्याशिवाय बिट तळाला टेकत नाही आणि वरचाच भाग सोलून निघतो. दाभण तुम्ही फुकट दिलंत.

काका, १० नंबर सगळ्यात आधी हरवतो हे तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून १० चे उंच एक आणि आखूड दोन जादा काढून ठेवा. आणि १६ चं पातळ भिंतीचं, चुंबकवालं प्लग सॉकेट नव्या मालात आलं तर तेही. शनिवारी संध्याकाळी येतो. बोल्ट बरोबर आणतो.

तुमचे ऋणी,
सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या खोलणारे आम्ही सगळे