तळघरातले पीप

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, बिअरच्या एका पाइंटसाठी (अर्ध्या लिटरहून थोड्या मोठ्या ग्लाससाठी) आम्ही इथे स्कॉटलंडमधल्या दूरदूरच्या खेड्यांत का जातो, हा तुमचा प्रश्न फोनवर अर्धाच राहिला, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही शोधतो ती रिअल एल, म्हणजे पारंपरिक ब्रिटिश बिअर; पिपात भरल्यावरही तिच्यातले यीस्ट जिवंत असते. ती पिपातच पुन्हा थोडी आंबते आणि बाहेरून वायूचा दाब न देता हातपंपाने ओढून ग्लासात घेतली जाते. तळघर १२-१३ अंशांवर राखावे लागते, आणि पीप उघडले की हवा आत शिरून तीनेक दिवसांत चव उतरू लागते. कोकणातली सकाळची माडी संध्याकाळी तशी राहत नाही, त्याच जातीचे हे पेय आहे. नेहमीच्या ‘फर्किन’ पिपात ७२ पाइंट मावतात. हिवाळ्यातल्या मंगळवारी जिथे चार माणसे येतात, तिथल्या मालकाने ते कोणाच्या भरवशावर उघडायचे? तो केगमधली, म्हणजे वायूच्या दाबाखालच्या बंद पिपातली, कित्येक दिवस टिकणारी लागर बिअर ठेवतो, आणि मी त्याला दोष देत नाही.

इथल्या गोल्फ क्लबांतही बार असतात, आणि त्यांची अडचण याहून बिकट आहे, कारण स्पर्धेच्या शनिवारी बार भरतो आणि पावसाळी आठवडा रिकामा जातो. त्यातच डिसेंबर २०१४ मध्ये स्कॉटलंडने वाहनचालकांच्या रक्तातील अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ८० वरून ५० मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा खेळानंतरचा एक पाइंटही अनेकांनी सोडला. कायदा योग्यच आहे, आणि आमच्यातही गाडी चालवणारा थेंबभरही घेत नाही. पण अशा स्थितीतही एखादा क्लब ३६ पाइंटांचे छोटे ‘पिन’ पीप आणून एक हातपंप चालू ठेवतो, तेव्हा मला त्या माणसांविषयी मनापासून आदर वाटतो.

म्हणून आम्ही आधी गिऱ्हाईक कुठे आहे ते पाहतो. ग्लेनको या डोंगरदरीतल्या क्लाचेग इन या पबात डोंगर चढणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे पिपे लवकर रिकामी होतात. लॉख फाइन या खाडीच्या आतल्या टोकाला, केर्नडाउजवळच्या शेतावर, २००१ पासून फाइन एल्सची ब्रुअरी (बिअर बनवण्याचा कारखाना) आहे. तिची ‘यार्ल’ नावाची एल फिकट सोनेरी, ३.८ टक्के अल्कोहोलची, आणि हॉप्समुळे (बिअरला कडवटपणा व वास देणाऱ्या फुलांमुळे) तिला लिंबा-मोसंबीचा वास येतो. एकाच पबात पाच पंप सुस्त पडलेले असण्यापेक्षा एकच वाहता असावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते: पारंपरिक एल निवळण्यासाठी बहुधा माशाच्या वाताशयापासून काढलेला आइसिंग्लास वापरतात, मात्र काही ब्रुअऱ्या आता त्याशिवायही एल बनवतात. तुम्ही याल तेव्हा बाबांसाठी आइसिंग्लासशिवायचीच विचारून घेईन.

तुमची,
लेक