सर्टिफिकेटवर ज्यांचं नाव नाही, त्या आबांना

आबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

परवा कॉलेजात ओजेटीची, म्हणजे कंपनीत काम करत शिकायच्या 'ऑन जॉब ट्रेनिंग'ची, तोंडी परीक्षा झाली. चार क्रेडिट, १२० तास, सगळं पूर्ण. फाईलला कंपनीचं सर्टिफिकेट लावलंय, त्यावर सही आहे, गोल शिक्का आहे. 'इंडस्ट्री मेंटर'च्या रकान्यात मॅनेजरसाहेबांचं नाव आहे. ते मला दोनदा भेटले, दोन्ही वेळा आपुलकीनं बोलले. पण १२० पैकी शंभर तास तरी मी ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या तुमच्या लाइनवर उभी होते, आणि तुमचं नाव त्या कागदावर कुठंच नाही. म्हणून हे पत्र. नाव मी इथंही लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते. तिथं पहिल्याच दिवशी म्हणाले, "रोज यायची गरज नाही. शेवटच्या दिवशी या आणि सर्टिफिकेट घेऊन जा." २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर एम.एस्सी.ला ही ओजेटी आली. हेतू फार चांगला आहे, पण असं कोऱ्या हातानं सर्टिफिकेट घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. यावलहून भुसावळ, भुसावळहून जळगाव, अजिंठा चौफुलीला उतरून पुढं रिक्षा, तेही मे महिन्यात. बाबा म्हणाले, "भाड्याचं मी बघतो. तू काहीतरी शिकून ये."

पहिल्या दिवशी तुम्ही मला "मॅडम" म्हणालात. खुर्ची आणू का, असं विचारलंत. मी नको म्हटलं, तेव्हा माझ्या ओंजळीत मूठभर प्लास्टिकचा दाणा टाकलात आणि म्हणालात, याची नळी कशी होते ते आधी डोळ्यांनी बघा, मग वहीत लिहा. हॉपर, दोनशे डिग्रीच्या आसपास तापलेलं बॅरल, थेंबथेंब पाणी सोडणारा एकेक ड्रिपर आत सरकवणारा इन्सर्टर, डाय, व्हॅक्यूम टँक, गार पाण्याची टाकी, प्रत्येक ड्रिपरवर नेमकं भोक पाडणारं ड्रिल, आणि शेवटी गुंडाळलेल्या नळीची कॉइल. तीन दिवस मी फक्त या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. चौथ्या दिवशी "मॅडम"चं "पोरी" झालं. तुम्ही म्हणालात, "पोरी, मशीन काय म्हनस ते आयक." इन्सर्टरचा ठोका चुकला की ड्रिपर चुकला, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं.

पॉलिथिलीनमध्ये दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक असला की उन्हातली अतिनील किरणं नळीला लवकर खात नाहीत, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. तुम्ही शेडच्या पत्र्यावरून एक जुना तुकडा काढून आणलात, मास्टरबॅच, म्हणजे कार्बन ब्लॅकचा दाणा, कमी पडलेल्या कॉइलचा. वाकवला तर कडकन मोडला. आपल्याकडच्या उन्हात तो दोन उन्हाळेसुद्धा टिकला नव्हता.

पण खरे आभार मानायचे आहेत ते त्या पंचवीस ड्रिपरच्या दिवसाचे.

एकाच प्रेशरला पंचवीस ड्रिपर, खाली पंचवीस भांडी. प्रत्येकाचं पाणी मोजायचं आणि एकमेकांत फरक किती ते काढायचं. एक रीडिंग बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल, आणि मी ते बाकीच्यांच्या जवळ नेऊन लिहिलं. कॉलेजात प्रॅक्टिकलला आम्ही रीडिंग जुळवतो, आबा. सगळे जुळवतात. तुम्ही कागद पाहिलात आणि एवढंच विचारलंत, "तुझ्या बाबांच्या शेतात नळ्या कुठल्या आहेत?"

मला उत्तर देता आलं नाही. आमची केळी आहे. चार लिटरचा ड्रिपर तासाला तीनच लिटर देत असेल तर चार तासांत सोळा लिटरच्या जागी बाराच मिळतं. मे महिन्यात त्या खोडाचं काय होतं, हे यावल-रावेरच्या मुलीला कुणी सांगायला लागत नाही. बाबा रोज सकाळी ओळीतून चालत, खाली वाकून प्रत्येक ड्रिपर बघतात. एखादं झाड मागं पडलं की म्हणतात, पाण्यात क्षार फार आहेत. ॲसिड सोडतात, क्षार विरघळतो. तरीही एखादं झाड मागंच राहतं.

मी परत मोजलं. तेच कमी रीडिंग. तुम्ही तो ड्रिपर कापायला लावलात. आतल्या नागमोडी वाटेत प्लास्टिकचा केसाएवढा बारीक कीस अडकला होता. ड्रिल बोथट झालं होतं, ते कापण्याऐवजी ओरबाडत होतं. तुम्ही लाइन थांबवलीत आणि आधीच्या तपासणीनंतर निघालेल्या सगळ्या कॉइल बाजूला काढायला लावल्यात. गेटवर गाडी उभी होती. डिस्पॅचचे लोक चिडले, एवढ्याशा फरकासाठी माल कशाला अडवायचा म्हणाले, आणि एका शिकाऊ मुलीच्या रीडिंगवर विश्वास ठेवायचा का, असंही कुणी म्हणालं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "पोरनी मोजेल शे, मी देखेल शे," एवढंच बोललात आणि मार्कर उचललात.

तासाभरापूर्वी मी खोटं लिहिलं होतं, हे तुम्हाला माहीत होतं. तरी माझ्या मोजण्यामागं तुम्ही उभे राहिलात. मी बाहेर जाऊन रडले, तेही तुम्हाला कळलं असणार, कारण मी परत आले तेव्हा तुम्ही डबा उघडून बसला होतात आणि कळण्याची अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यासाठी वेगळा काढून ठेवला होता.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, रिपोर्टमध्ये एक रीडिंग इतकं वेगळं का? मी ही सगळी हकीकत सांगितली, खोडलेल्या आकड्यासकट. रिपोर्टच्या पहिल्या पानावर तुमचे आभार तुमच्या पूर्ण नावानिशी आहेत. विभागप्रमुखांना मी एक विनंतीही लेखी दिली आहे: ओजेटीच्या फॉर्मवर मेंटरखाली आणखी एक ओळ हवी, ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष शिकलो त्या माणसाच्या नावाची. मॅडमनी विचार करू म्हटलंय. मी पाठपुरावा सोडणार नाही.

मागच्या आठवड्यात बाबांनी मागं पडलेल्या एका झाडाजवळची नळी कापून माझ्यापुढं ठेवली. आत क्षारच होता, कीस नव्हता. पण आता बाबा आधी कापून बघतात आणि मगच ॲसिड सोडतात.

हिवाळ्यात भरताची वांगी निघाली की आईच्या हातचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन येते. तुमची फर्स्ट शिफ्टच आहे ना अजून? बदलली असेल तर गेटवर निरोप ठेवा.

तुमची,
यावलची पोर