पत्र पोहोचले कधी, ते आधी पाहा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांच्या पत्रव्यवहारावरचा लेख काल वाचला. कॉर्नेल विद्यापीठाच्या पहिल्या अध्यक्षांवर मराठीत पानभर मजकूर येतो याचे समाधान आहेच. पण तारखांचा जो घोळ त्यात झाला आहे, तो वाचून गप्प बसवेना.

लेखाचा सगळा डोलारा दोन रकान्यांवर उभा आहे. डावीकडे इथाकाहून, म्हणजे कॉर्नेलच्या गावाहून, विद्यापीठाचे उपाध्यक्ष रसेल यांनी लिहिलेली पत्रे, उजवीकडे बर्लिनहून व्हाइट यांनी लिहिलेली, आणि दोन्ही रकाने लिहिल्याच्या तारखेने लावलेले. निष्कर्ष असा की रसेल विचारतात एक आणि व्हाइट सांगतात भलतेच, म्हणजे व्हाइट टाळाटाळ करत होते. अहो, समोरासमोर छापलेली ती पत्रे एकमेकांची उत्तरे नाहीतच! १८७९ ते १८८१ व्हाइट अध्यक्षपद न सोडता बर्लिनमध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून राहत होते आणि इथाकाचा कारभार रसेल पाहत होते. मध्ये अख्खा अटलांटिक होता.

१ मार्चला इथाकात लिहिलेले पत्र घ्या. ते रेल्वेने न्यूयॉर्कला जाणार, टपाल नेणारी बोट सुटेपर्यंत तिथे थांबणार, मग नऊ-दहा दिवस समुद्र आणि पुन्हा रेल्वे. बर्लिनला पोहोचायला मार्चचा मध्य उजाडणार. त्याच दिवशी उत्तर लिहिले तरी ते इथाकात महिनाअखेरीस. म्हणजे ८ मार्चच्या बर्लिनच्या पत्रात १ मार्चच्या प्रश्नाचे उत्तर असूच शकत नाही. ते फेब्रुवारीतल्या एखाद्या पत्राला दिलेले उत्तर आहे. उत्तर फारच लवकर आलेले दिसले तर तार शोधायची. १८६६ पासून अटलांटिकखालून तार नियमित चालू होती, पण शब्दागणिक पैसे पडत. म्हणून तारेत चार शब्द आणि सविस्तर पत्र मागाहून, अशी रीत असे.

तेव्हा असा पत्रव्यवहार लावताना दोन नव्हे, चार रकाने आखावे लागतात: प्रत्येक बाजूचे पत्र लिहिले कधी आणि मिळाले कधी. पेशवे दफ्तराची कागदपत्रे हाताळणारे पैवस्तीची, म्हणजे पत्र पोहोचल्याची, तारीख पाहिल्याशिवाय पत्र क्रमाने लावत नाहीत, तसेच हे आहे. मिळाल्याची तारीख तीन ठिकाणी सापडते. एक, पत्राची घडी घालून बाहेरच्या बाजूला केलेली नोंद. दोन, पाकिटावरचा पोहोचेचा शिक्का. पण पाकिटे बहुधा फेकून दिलेली असतात, किंवा तिकिटे जमवणाऱ्यांनी कोपरा कापून नेलेला असतो आणि त्याबरोबर शिक्काही गेलेला असतो. तीन, पत्राचे पहिले वाक्य: ‘आपले अमुक तारखेचे पत्र आज मिळाले.’

आणि नेमके हेच वाक्य आपण पाचही पत्रांतून गाळले आहे! त्या जागी तीन टिंबे. औपचारिक म्हणून, जागा वाचवायची म्हणून गाळले असणार. पण कोणते पत्र कोणाचे उत्तर, हे सांगणारा पुरावा त्या एका ओळीतच असतो. मधले दोन परिच्छेद कापले असते तरी एवढे नुकसान झाले नसते. माझी खरी तक्रार हीच आहे.

आकडेही तपासून घ्यायला हवे होते. अमेरिकी माणूस आधी महिना लिहितो, मग दिवस. म्हणून ५/७ म्हणजे ७ मे. लेखात ते ५ जुलै झाले आहे. शिवाय परदेशी टपालाला १५ ग्रॅमपर्यंत ५ सेंट पडत, म्हणून कागद पातळ आणि मजकूर दोन्ही बाजूंनी. पाठची शाई पुढे उमटते. स्कॅन गडद केला की पाठचा एखादा फराटा पुढच्या १ ला चिकटतो आणि त्याचा ७ दिसू लागतो.

आता त्या चित्राबद्दल. ‘कच्चा खर्डा’ म्हणून जे पान छापले आहे, तो खर्डा नाही, ती दाबप्रत आहे. त्या काळी कचेऱ्यांत पातळ, झिरझिरीत कागदांची बांधलेली वही असे. नकलेच्या खास शाईने पत्र लिहायचे. वहीचे एक पान ब्रशने ओले करून टिपकागदाने जादा पाणी काढायचे, इतर पानांना ओल लागू नये म्हणून तेलकागद घालायचा, पत्राची शाईची बाजू ओल्या पानावर ठेवून वही मिटायची आणि लोखंडी स्क्रूच्या दाबयंत्रात मिनिट-दोन मिनिटे आवळायची. शाई पानाच्या पाठीवर उलटी उमटते, पण कागद पातळ असल्याने पुढून सुलटी वाचता येते. पाणी जास्त झाले की अक्षर पसरते, कमी झाले की पुसट येते, शाई फार वाळलेली असली तर काहीच उमटत नाही. आपल्या चित्रातल्या फुगीर अक्षरांचे कारण हे आहे, ‘घाईत लिहिल्याचे’ ते लक्षण नाही. ओळींवर ओळी दिसतात त्याही खालच्या पानाच्या. मागे पांढरे कार्ड सरकवून फोटो घेतला असता तर दिसल्या नसत्या. खाली सही उमटली आहे, म्हणजे पत्र सहीसकट तयार झाल्यावरच दाबले गेले. ते पेटीत पडले की नाही, हे मात्र दाबप्रत सांगत नाही.

जाता जाता आणखी एक. श्रीमंत वारसदार जेनी मॅकग्रॉ आणि विद्यापीठाचे ग्रंथपाल विलर्ड फिस्क यांच्या जुलै १८८० मधल्या बर्लिनच्या लग्नाला दोन परिच्छेद दिलेत, पण जेनीने मृत्युपत्राने विद्यापीठाला दिलेल्या संपत्तीवरून फिस्क यांच्याशी झालेला खटला विद्यापीठ का हरले ते एका ओळीतही नाही. विद्यापीठाच्या सनदेत मालमत्तेवर ३० लाख डॉलरची मर्यादा होती आणि ती मर्यादा आधीच गाठली गेली होती. म्हणून १८९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला. फिस्क यांच्या ‘लोभा’वर सगळे ढकलणे अन्यायाचे आहे.

रसेल यांच्याशी व्हाइट नीट वागले, असे माझे म्हणणे नाही. १८८१ मध्ये विश्वस्तांनी रसेल यांचा राजीनामा मागितला तेव्हा व्हाइट यांना किती आणि कधीपासून माहीत होते, हा प्रश्न खराच आहे. पण त्याचे उत्तर त्या गाळलेल्या पहिल्या वाक्यांशिवाय मिळणार नाही. पुढच्या रविवारी निदान ती पाच वाक्ये, त्यातल्या तारखांसकट आणि मुळात लिहिली आहेत तशी, छापावीत ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा