कॅम्पिंगच्या गादीची नुसती जाडी नको, ‘आर-व्हॅल्यू’ही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सुट्टी-पुरवणीत कॅम्पिंगच्या सामानावर पानभर मजकूर आला होता. तंबू, दिवे, घडीच्या खुर्च्या यांच्यावर सविस्तर आणि चांगलं लिहिलं होतं. गादीच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं: गादी जितकी जाड, तितकी झोप चांगली. ते वाचल्यावर गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते आणि फोमच्या गाद्या बनवते. गाडीच्या मागच्या भागात अंथरायला गादी करून द्या, म्हणून येणारी गिऱ्हाइकं अलीकडे वाढली आहेत. आम्ही नवरा-बायकोही जमेल तेव्हा निघतो. कधी गाडीतच आडवे होतो, कधी गाडीशेजारी तंबू ठोकतो. मी कुशीवर झोपणारी, ते पाठीवर. तेव्हा या विषयात माझं पोटही आहे आणि पाठही.

येणाऱ्या दहांतले नऊ जण दोन गोष्टी करतात. तळहाताने गादी दाबून बघतात आणि “किती इंची?” म्हणून विचारतात. तळहाताने दाबून काही कळत नाही. झोपल्यावर भार येतो तो खुब्यावर आणि खांद्यावर, आणि कुशीवर झोपणाऱ्याच्या बाबतीत तर फारच थोड्या जागेवर. म्हणून मी म्हणते, आडवे व्हा, कुशीवर व्हा, दहा मिनिटं तसेच पडून राहा. मग कोणाला तरी तुमच्या खुब्याखाली, गादीच्या तळाशी हात घालून बघायला सांगा. हाड हाताला टेकतंय असं वाटलं, तर ती गादी कागदावर कितीही जाड असो, तुमच्यासाठी ती पातळच. पाठीवर झोपणाऱ्याला चांगल्या फोमची पाच सेंटीमीटर जाडी पुष्कळदा पुरते. कुशीवर झोपणाऱ्याने सात ते दहाच्या खाली सहसा येऊ नये. इथवर जाडीचा मुद्दा मला मान्य आहे.

पण जाडी ऊब देत नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. वीस सेंटीमीटर उंचीच्या, फुगवायच्या पोकळ गादीवर कुडकुडत रात्र काढलेली माणसं माझ्याकडे येतात आणि विचारतात, गादी एवढी जाड असून थंडी कुठून आली? थंडी खालून आली. पोकळ गादीतली हवा आत मोकळी असते. आपण कूस बदलली की ती ढवळली जाते आणि अंगाची ऊब नेऊन जमिनीला देऊन टाकते. याउलट बंद छिद्रांच्या फोमची दोन सेंटीमीटरची साधी चटई घ्या. तिच्यातली हवा बारीक बारीक कप्प्यांत अडकलेली असते, हलू शकत नाही. अंगाला ती टोचेल, पण गारठा अडवण्यात त्या गुबगुबीत गादीला सहज मागे टाकेल. स्लीपिंग बॅग चांगली घेतली की झालं, असंही काही जणांना वाटतं. बॅगचा पाठीखालचा भाग आपल्याच वजनाने चेपतो, त्यातला कापूस किंवा पिसं फुललेली राहत नाहीत. खालची ऊब ही गादीचीच जबाबदारी.

ही ऊब मोजता येते. त्या मापाला ‘आर-व्हॅल्यू’ म्हणतात: उष्णता बाहेर जायला गादी किती अडथळा करते, त्याचा आकडा. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, त्यामुळे एकीचा चार आणि दुसरीचा चार एकच असेल याची खात्री नव्हती. २०१८ साली कॅम्पिंगच्या गाद्यांसाठी ‘एएसटीएम एफ३३४०’ ही चाचणी ठरली (‘एएसटीएम’ ही मानकं ठरवणारी संस्था). गादी दोन पाट्यांमध्ये ठेवतात, एक पाटी अंगाइतकी उबदार म्हणजे ३५ अंश सेल्सिअसला, दुसरी थंड जमिनीसारखी ५ अंशांना, आणि वरची पाटी तेवढीच उबदार राखायला किती ऊर्जा लागते ते मोजतात. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे आता शेजारी ठेवून बघता येतात. ढोबळमानाने उन्हाळी रात्रींना दोनच्या आतला आकडा चालतो, गार रात्रींना दोन ते चार, कडाक्याच्या थंडीला चारच्या वर, आणि बर्फावर झोपायचं असेल तर सहाच्या आसपास. आणखी एक सोय म्हणजे या आकड्यांची सरळ बेरीज होते. दोनची चटई खाली आणि तीनची गादी वर घेतली, तर पाच.

माझी तक्रार अशी की, हा आकडा गिर्यारोहकांच्या महागड्या गाद्यांवर ठळक असतो, पण सर्वसाधारण कुटुंब जी मोठी, दोन माणसांची फुगवायची गादी घेऊन जातं, तिच्या खोक्यावर बहुतेक वेळा नसतोच. तिथे हसणारं जोडपं असतं, उंची असते, “अत्यंत आरामदायी” असतं आणि किती किलो वजन पेलेल ते असतं. थंडीची खरी गरज ज्याला सांगायला हवी, तो नवखा गिऱ्हाईक नेमका अंधारात. खाण्याच्या पाकिटावर आत काय आहे ते छापतात, मग गादीच्या खोक्यावर चाचणी करून आलेला एक आकडा छापायला काय हरकत आहे? चाचणी केलीच नसेल, तर तसं छापा. ती माहितीसुद्धा उपयोगाचीच आहे.

फोमच्या बाबतीतही असाच एक आकडा लोकांना चकवतो, तो म्हणजे डेन्सिटी. “चाळीसची द्या, म्हणजे कडक येईल,” असं मला रोज कोणीतरी सांगतं. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. चाळीसचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. डेन्सिटीवरून फोम किती दिवस टिकेल, किती लवकर बसेल याचा अंदाज येतो. कडकपणाचं माप वेगळं असतं. मी स्वतः खाली कडक थर आणि वर मऊ थर असं चिकटवून देते. मेमरी फोम तर थंडीत झोपणाऱ्यांना मी सुचवतच नाही. १९६६ साली नासाच्या कामासाठी, विमानातल्या सीटसाठी तो तयार झाला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो. पण रात्रभर गार पडलेल्या गाडीत त्याची पाटी होते. त्याला मऊ करण्यापुरतं आपणच आधी त्याला ऊब द्यायची, हा उलटा व्यवहार झाला.

आपोआप फुगणाऱ्या गाद्या हा मधला मार्ग आहे आणि तंबूसाठी माझी पहिली पसंती त्यांनाच असते. आत उघड्या छिद्रांचा फोम, बाहेर हवाबंद कापड. व्हॉल्व्ह उघडला की चेपलेला फोम फुलतो आणि हवा आत ओढून घेतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिअ‍ॅटलमध्ये, बोइंगमधली नोकरी गेलेल्या इंजिनिअरांनी ही कल्पना आणली. त्यांतला एक जण बागकाम करताना फोमच्या उशीवर गुडघे टेकत होता. दाबल्यावर तिच्यातून हवा बाहेर जाते, हे त्याच्या लक्षात आलं. ती हवा आतच कोंडली तर? त्यातून ‘थर्मारेस्ट’ निघाली. आम्ही फोमवाले रोज गुडघ्यांखाली उशी घेऊन बसतो, पण आमच्यातल्या कोणाला ते सुचलं नाही, याची मला थोडी चुटपुट आहे! असो. या गाद्या घरी गुंडाळून ठेवू नयेत. व्हॉल्व्ह उघडा ठेवून पलंगाखाली किंवा कपाटामागे पसरून ठेवाव्यात, नाहीतर फोम चेपलेलाच राहतो आणि पुढच्या वेळी फुगायला कुरकुरतो. तोंडाने फुंकूनही भरू नयेत. श्वासातली ओल आत फोममध्ये बसते आणि बुरशी धरते.

फुगवायची गादी “गळते” म्हणून परत करणारे पुष्कळ. त्यांतल्या कितीतरी गाद्यांना भोक नसतंच. संध्याकाळी ३० अंशांना भरलेली हवा पहाटे १० अंशांवर आली, की तिचा दाब जवळजवळ साडेसहा टक्क्यांनी उतरतो. गादीत मुळात जादा दाब थोडाच असतो, त्यामुळे एवढ्यानेही ती सैल लागते. शिवाय नवीन प्लास्टिक पहिल्या काही रात्री ताणतं. झोपायच्या आधी, बाहेर गार पडल्यावर, एकदा हवा टॉप-अप करावी. त्याच नियमाने घाट चढताना फुगवलेली गादी गाडीत ठेवू नये: २००० मीटर उंचीवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे चार-पंचमांश होतो, गादी टम्म होते आणि एखादी आतली शिवण सुटली की मधोमध टेंगूळ येतं. ते दुरुस्त होत नाही. बाहेरचं साधं भोक मात्र साबणाच्या पाण्याने सापडतं. बुडबुडे येतील तिथे खूण करायची, पुसून कोरडं करायचं, स्पिरिटने साफ करायचं आणि मग ठिगळ. व्हॉल्व्हलाही पाणी लावून बघा, चोर बऱ्याचदा तिथेच असतो. आणि टायरमध्ये हवा भरायच्या पंपाने गादी भरायचा नाद सोडा. तो पंप दाब जास्त देतो पण हवा थोडी. गादीला हवा भरपूर लागते, दाब नाही.

आता गाडी. माझ्याकडे येणारे “अमुक गाडीची गादी” मागतात. मी गाडीच मागवून घेते. मागच्या सीट पाडल्या की जमीन सपाट होते असं वाटतं, पण पाडलेल्या सीटची पाठ बहुतेक गाड्यांत थोडी चढावर राहते, आणि तिच्या नि डिकीच्या जमिनीच्या मध्ये एक पायरी किंवा फट असते. ती फट नेमकी कमरेखाली येते. वर कितीही जाड गादी टाका, रात्री दोन वाजता ती पायरी तुम्हाला सापडणारच. आधी खाली प्लायवूड किंवा वेगळ्या जाडीचे फोमचे तुकडे घालून पातळी सारखी करायची, गादी त्यानंतर. पुढच्या सीट सरकवल्यावर डोक्याकडे जी पोकळी उरते, तीही भरायला लागते.

रुंदी मोजायची ती चाकांच्या उंचवट्यांमध्ये, काचेपाशी नाही. मी जुन्या खोक्याचा पुठ्ठा आत पसरते, उंचवट्यांना टेकवून पेन्सिलने आखते, सीटबेल्टची बकलं जिथे वर येतात तिथे खुणा करते, आणि त्या पुठ्ठ्यावरून फोम कापते. गादी तीन घड्यांची. घडीच्या जागी दोन तुकड्यांच्या कडांना पाइपिंग, म्हणजे दोरी भरलेली गोट, अजिबात घालत नाही. दिसायला ती छान, पण दोन कडा एकमेकींना भिडल्या की बोटाएवढा उंचवटा पाठीखाली येतो. तिथे साधी आतली शिवण, आणि घडी खोळीच्या कापडावरच. चेन कडेला, कोपऱ्यावरून वळवलेली, म्हणजे खोळ निघते आणि धुता येते. खालचं कापड खरखरीत, नाहीतर पहाटेपर्यंत गादी डिकीच्या दाराशी पोचलेली असते.

गाडीत बसायची उंचीही गादी खाते. दहाऐवजी पंधरा सेंटीमीटर घेतलेत, तर सकाळी कपडे बदलताना डोकं छताला लागेल. गादीचे वाढीव सेंटीमीटर तुम्ही छताकडूनच उसने घेता, हे विकणारा सांगत नाही. दुसरं म्हणजे ओल. उबदार फोमच्या खाली थंड पत्रा किंवा प्लाय असला, की आपल्या अंगातून आणि श्वासातून निघणारी वाफ तिथे पाणी होते. काच बोटभर खाली ठेवा आणि सकाळी गादी उभी करून ठेवा. बंद गाडीत उबेसाठी शेगडी किंवा गॅस पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न येतो. ऊब हवी तर गादीचा आर वाढवा.

तंबूबद्दल थोडंसंच. “दोन माणसांचा तंबू” म्हणजे पुष्कळदा १३० सेंटीमीटरच्या आसपास रुंदीची जमीन, तीही पायाकडे निमुळती. ६४ सेंटीमीटरच्या दोन रुंद गाद्या त्यात जेमतेम बसतात आणि कडा ओल्या कापडाला टेकतात. तंबू आणि गादी वेगवेगळ्या दिवशी घेऊ नका, निदान मापं घेऊन तरी जा. दोघांसाठी एकच मोठी फुगवायची गादी मी कोणाला सांगत नाही, कारण एकाने कूस बदलली की दुसरा उडतो. दोन वेगळ्या घ्या, कडेने पट्ट्यांनी बांधा. आणि हलकेपणासाठी पैसे मोजण्याआधी स्वतःला विचारा, ही गादी पाठीवर घेऊन चालायची आहे का? गाडी तंबूपाशी जाणार असेल, तर अर्ध्या किलोच्या, कूस बदलली की चुरचुरणाऱ्या गादीपेक्षा जड, मुकाट पडून राहणारी फोमची गादीच बरी.

तेव्हा उत्पादकांकडे मागणी एवढीच: खोक्यावर आर-व्हॅल्यू, फुगवल्यानंतरची खरी लांबी-रुंदी, वजन आणि आत पोकळी आहे की फोम, हे ठळक छापावं. आणि आपल्याला विनंती की, पुरवणीत गाद्यांचं कोष्टक द्याल तेव्हा त्यात जाडीच्या रकान्याशेजारी हे रकानेही असू द्यावेत. ज्या गादीचा आर माहीत नाही, तिथे रकाना कोराच ठेवा.

आपली,
सीट आणि गाद्यांचं काम करणारी एक वाचक

ता. क. लहान मुलं बरोबर असणाऱ्यांसाठी: तान्ह्या बाळाला फुगवायच्या गादीवर झोपवू नये. ती चेहऱ्याभोवती दबते, आणि गादी नि गाडीची बाजू यांच्या मधल्या फटीत बाळ सरकू शकतं. त्याला स्वतंत्र, सपाट, घट्ट अंथरूण लागतं. असं अंथरूण कोणी मागायला आलं, तर मी बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते करून देते.