किल्लारीचा आकडा पण 'मध्यम'च होता

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात अफगाणिस्तानच्या भूकंपाची बातमी दिलीत, गणपतीच्या गडबडीत सुद्धा जागा काढलीत, त्याबद्दल आधी आभार मानतो. पण खालच्या चौकटीत "६ रिश्टरचा मध्यम स्वरूपाचा भूकंप" आणि "बेळगाव परिसराला काळजीचं कारण नाही" असं जे छापलंय ते वाचून रात्रभर झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून हे लिहायला बसलोय.

मध्यम कुणासाठी हो? अफगाणिस्तानातल्या कुनार प्रांतात रविवारी रात्री पावणेबाराला माणसं घरात झोपलेली होती. तुमच्या अंकात मृतांचा आकडा १४०० होता, आज टीव्हीवर २२०० च्या वर सांगतायत. भूकंप ६ चाच, पण तो जमिनीखाली फक्त ८ किलोमीटरवर झाला. बेळगावातून येळ्ळूरला जायला लागतं जवळपास तेवढंच अंतर. एवढ्या जवळून आल्यावर त्याचा जोर वाटेत जिरणार कुठं, सगळा हिसका सरळ घरांच्या पायाला बसतो. हाच धक्का शंभर-दीडशे किलोमीटर खोल असता तर बहुतेक लोक घाबरून अंगणात आले असते आणि परत जाऊन झोपले असते. तुमच्या बातमीत ही खोली कुठंच नाही, नुसता आकडा आहे.

किल्लारीचा तरी आकडा किती होता? ६.२. तो पण उथळच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी, विसर्जन करून माणसं नुकती आडवी झालेली. जवळजवळ १०,००० गेली. उद्या अनंत चतुर्दशी आहे म्हणून हे जास्तच डोळ्यासमोर येतंय.

मी तेव्हा बेळगावात नोकरीला होतो, आणि आपल्याकडची मिरवणूक सकाळपर्यंत चालते त्यामुळं त्या वेळी आम्ही रस्त्यावरच होतो, आमचा गणपती कपिलेश्वरच्या तलावापर्यंत पोचायचा होता. ढोल-ताशात आम्हाला काहीच कळलं नाही. आई गावाकडं होती, तिला फडताळातली भांडी वाजलेली ऐकू आली. दुपारी बातम्या कळल्यावर मंडळाच्या वर्गणीतले उरलेले पैसे काढले, तांदूळ, चादरी, रॉकेल घेतलं आणि टेम्पोनं सोलापूर, उमरगा करत गेलो. पाऊस लागला होता. तिथं गावात गल्ली कुठली आणि घर कुठलं ते ओळखू येत नव्हतं, सगळा दगड-मातीचा एकच ढीग. पडलेल्या घरांची लाकडं काढूनच चिता रचत होते. एक म्हातारे आजोबा ढिगावर बसलेले, त्यांना चादर द्यायला गेलो तर ती घेतली नाही, उलट मलाच हाताला धरून दाखवायला लागले, "बाळा, ही भिंत माझ्या आज्यानं बांधली, अडीच हात जाडीची, तोफ लावली तरी हलायची नाही म्हणायचा." त्या भिंतीखाली त्यांच्या सुना आणि नातवंडं गेली. तेव्हा मला भिंतीचं काही कळत नव्हतं. नंतर तिकडं घरं दुरुस्त करायला लागले तेव्हा एका इंजिनिअरनं समजावलं, की जाड भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, मधे चिखल आणि बारीक दगडांची भर. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधे मधे घातले नाहीत तर हादऱ्यानं दोन्ही बाजू फाकतात आणि माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची, दीड-दोन फूट माती झोपलेल्यांच्या अंगावर येते. लाकडाचे खांब कितीतरी ठिकाणी उभेच होते, माणसं मेली ती दगडमातीखाली.

साहेब, आमच्या खानापूर तालुक्यातलं वडिलांनी बांधलेलं घर तसंच आहे. वर माळवद नाही कौलं आहेत एवढाच फरक, भिंत तीच. अशी घरं आपल्याकडं गावोगाव आहेत. काळजीचं कारण नाही म्हणता, तर किल्लारी त्या वेळच्या भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात झोन १ मध्ये होतं, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचं. आपलं बेळगाव झोन ३ मध्ये धरतात. आणि ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा धक्का आमच्या वडिलांनी इथं बसून अनुभवलाय, ते मरेपर्यंत सांगायचे. तुमच्या चौकटीत कोयनेचं नावसुद्धा नाही याचं फार वाईट वाटलं.

आता माझी मुख्य तक्रार. आमच्या गावच्या मराठी शाळेची मागची खोली अशाच भिंतीची आहे, तिला कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत भेग आहे, हाताचं बोट जातं. बाहेरून भिंतीला पोट आलंय. माझी नात तिसरीत त्याच खोलीत बसते. दोन वर्षांत तीन अर्ज दिले, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, मीटिंगमध्ये बोललो. ऑफिसचं नाव घेत नाही. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं ते पूर्ण कन्नडमध्ये. ज्या भागात मराठी माणसं १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी सूचना मराठीतही द्यायच्या, या १५ टक्क्यांच्या नियमानं आम्हाला कागद मराठीत मिळायला पाहिजेत हे सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या गल्लीतल्या पोराकडून वाचून घेतलं तर "अनुदान आल्यावर पाहू" एवढंच. भूकंपात काय करावं याचा जो कागद शाळेत चिकटवलाय तोही कन्नडमध्येच, आमच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी तो कसा वाचायचा? कन्नडशी आमचं भांडण नाही, शेजारपाजार सगळा कन्नडच आहे, पण जीव वाचवायची गोष्ट तरी आपल्या भाषेत कळायला हवी की नको?

तुम्ही एवढं करा. ती चौकट दुरुस्त करून छापा, भूकंपाची खोली लिहा, आणि दगडमातीची भिंत कशी बांधून घ्यायची, आरपार दगड, दारावरून घरभर फिरणारा सिमेंटचा पट्टा, हे साध्या मराठीत चित्र काढून एकदा द्या. गवंडी लोक तुमचा पेपर वाचतात, मला माहीत आहे.

विसर्जन झालं की सोमवारी शाळा भरेल. तुमचा फोटोग्राफर पाठवा, मी स्टँडवर घ्यायला येतो. भेग खिडकीच्या डाव्या बाजूला आहे, नातीचा बाक तिला लागूनच आहे.

आपला नेहमीचा वाचक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव
५ सप्टेंबर २०२५