गुरुजी, तुमच्या वह्यांसाठी

आदरणीय गुरुजी,
सा. न.

हे पत्र मला तुमच्या घरी आणून देता आलं असतं. पण तुमच्या वह्यांनी माझं काय केलं ते चार लोकांना कळावं असं वाटलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

२९ जुलैची संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. मी दुकान अर्धवट बंद करून तुमच्या वाचनालयात आले होते, मोबाइलवर एका फ्लेक्सचं डिझाइन घेऊन. ३ ऑगस्टला क्रांतिसिंह नाना पाटलांची जयंती. गावातल्या पोरांनी पंधरा बाय दहाचा फ्लेक्स सांगितला होता. वर नानांचा पटक्यातला फोटो, खाली नेहमीसारखे बारा-चौदा चेहरे आणि मधोमध, अवतरणचिन्हांत, नानांच्या नावावर एक वाक्य. आपल्याच गावातल्या काही घरांना परकं ठरवणारं. त्या महिन्यात गाव आधीच तापलेलं होतं. मोबाइलवर रोज काहीतरी येत होतं. चौकात एकाच्या टपरीवर दुसऱ्यानं चहा पिणं बंद झालं होतं.

नऊ वर्षं मी फ्लेक्स छापते. ऱ्हस्व-दीर्घ सोडलं तर गिऱ्हाइकाच्या मजकुरात कधी हात घातला नाही. त्या दिवशी मात्र प्रिंटची कमांड देववेना. वाक्य खोटं आहे असं मला ठाऊक नव्हतं. ते खरं आहे हेही कुणी सांगत नव्हतं.

तुम्ही चष्मा लावून ते वाचलंत आणि एवढंच म्हणालात, "कुणी ऐकलं? कुठं ऐकलं? कधी?" मग लोखंडी कपाट उघडलंत.

त्या अकरा वह्या मी पहिल्यांदा पाहिल्या. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याच्या, कोपरे कुरतडलेले. १९८०च्या आसपास शाळा सुटल्यावर सायकलवरून वाळवा, कुंडल, शेणोली, कासेगाव असं फिरून तुम्ही म्हाताऱ्या माणसांशी बोलत होता, हे मला माहीतच नव्हतं. प्रत्येक पानावर उभी रेघ. डावीकडे सांगितलेली गोष्ट, उजवीकडे एकच शब्द: 'पाहिलं' किंवा 'ऐकलं'. गुरुजी, इतिहास म्हणजे काय हे मला शाळेतल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या रेघेनं जास्त समजावलं.

ते वाक्य आपण दोघांनी रात्री साडेदहापर्यंत शोधलं. सापडलं नाही. मी लगेच म्हणाले, म्हणजे नाना असं बोललेच नाहीत. तुम्ही मला तिथंच थांबवलंत. "माझ्या वह्यांत नाही म्हणून ते बोललेच नाहीत, असं मला म्हणता येत नाही पोरी. ज्यानं लिहिलं त्यानं दाखवावं कुठनं आणलं. तोवर छापू नये, एवढंच."

खरं तर माझं काम तिथं संपलं होतं. पण तुम्ही मला उठू दिलं नाहीत, आणि त्यासाठीच हे आभार आहेत.

तुम्ही विचारलंत, इंग्रजांच्या राज्यात नानांनी उभं केलेलं प्रतिसरकार तीन वर्षं टिकलं कशावर? मला शाळेतली भाषणं आठवत होती, बंदुका आणि घोडे. तुम्ही १९४२ पासून सुरुवात केलीत. सप्टेंबरात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला, माणसं पडली. उघड्यावर काही करता येत नाही म्हटल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ मध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, प्रतिसरकार उभं राहिलं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी रेल्वे लुटली, ते सगळ्यांना पाठ असतं. पण नुसत्या लुटीवर गाव पाठीशी उभं राहत नाही, हे तुम्ही मला पानं उलटून दाखवलंत. गावोगावची न्यायमंडळं. बांधाचं भांडण, सावकारानं दाबलेली जमीन, टाकून दिलेली बायको, यांचे निवाडे चावडीवर, सगळ्यांदेखत. हार घालून, कर्ज न काढता लावलेली गांधी लग्नं. दारूबंदी. गोंधळाचा फायदा घेणाऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त. आणि या सगळ्याच्या खाली आधीची मशागत होती. जोतिरावांनी १८७३ मध्ये काढलेल्या सत्यशोधक समाजाचे जलसे याच गावांतून फिरले होते, नाना स्वतः तलाठ्याची नोकरी सोडण्याआधीपासून त्या विचारात वाढले होते. भट-सावकाराशिवाय आपलं आपण चालवता येतं, हे लोकांनी आधी ऐकलेलं होतं. म्हणून इंग्रजाशिवायही चालवता येतं, हे त्यांना पटलं.

मग तुम्ही सातवी वही काढलीत. तळपायावर मारायच्या शिक्षेवरून लोक प्रतिसरकारला 'पत्री सरकार' म्हणू लागले, असं सांगणारे पुष्कळ. त्यांच्यापुढे तुम्ही 'ऐकलं' लिहिलेलं. पण एका पानावर एका माणसानं आपल्या चुलत्याला झालेली शिक्षा सांगितली होती. चुलत्याचा गुन्हा नव्हता, असं त्याचं म्हणणं. पुढे 'पाहिलं'. मी पान पटकन उलटलं, तर तुम्ही परत मागं आणलंत. म्हणालात, हे पान वगळलं तर बाकीच्या पानांवर कुणी कशाला विश्वास ठेवावा? अभिमान आणि हे पान दोन्ही एका वहीत ठेवायची ताकद पाहिजे, नाहीतर नानांचा नुसता फोटो उरतो आणि फोटोखाली कुणीही काहीही लिहितं.

आणि नवव्या वहीत आजी निघाली. माझी आजी. चार ओळी. दहा-अकरा वर्षांची असताना शेतात भाकरी पोचवायची. "भाकरी कुणाची ते इचारायचं न्हाई, कुणासाठी तेबी न्हाई. बुट्टीवर शेण ठिवायचं." आयुष्यभर तिच्या मांडीवर झोपले, पण तिनं हे मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं. उजवीकडे तुम्ही 'पाहिलं' लिहून खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'केलं'.

मी त्या पानावर किती वेळ बसले ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही काही बोलला नाहीत, चहा करून आणलात.

त्या बुट्टीतली भाकरी सगळ्या गल्ल्यांतून गोळा व्हायची, हे पुढच्याच पानावर होतं. आज ज्यांना परकं म्हणायचं चाललं होतं, त्या गल्लीचंही नाव होतं त्यात. तुम्ही बोट ठेवून दाखवलं नाहीत. माझं मलाच दिसू दिलंत.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना सांगितलं, फ्लेक्स छापते, ते वाक्य छापणार नाही. एक जण भडकला, ॲडव्हान्स परत घेतला. त्यांनी दुसरीकडून छापून घेतला आणि तो लागलाही. मला फार वाईट वाटलं होतं. पण त्यांच्यातलाच एक जण चार दिवसांनी वाचनालयात आला, मग आणखी तिघं. टेंभू योजनेतून उपसलेलं कृष्णेचं पाणी आपल्या शिवारात कसं आलं, हे त्यांना तुम्ही सांगत होता तेव्हा मी दारात उभी होते. १९९३ मध्ये आटपाडीत पाणी परिषद भरली, तेव्हा क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी सत्तरी ओलांडली होती. इंग्रजाविरुद्ध लढलेला माणूस त्या वयात तेरा दुष्काळी तालुक्यांतल्या लोकांना पुन्हा रस्त्यावर घेऊन आला, कृष्णेच्या पाण्यातला वाटा मागायला. ज्या पाण्यावर त्या पोरांच्या घरचा ऊस उभा आहे, ते असं आलं. एका पोरानं विचारलं, "पण एवढी माणसं त्यांनी गोळा कशी केली?" तुमचा चेहरा त्या वेळी कसा फुलला होता!

गुरुजी, या दिवसांत मला फार एकटं वाटायचं. रोज कुणीतरी नवा राग हातात देतं आणि तो आपलाच आहे असं सांगतं. आता राग आला की मी आधी उजवीकडचा रकाना बघते. तुमचे उपकार शब्दांत मावणारे नाहीत, पण काम करता येईल तेवढं करते. सहा वह्या स्कॅन झाल्या, चार टाईप झाल्या. ती चार पोरं आळीपाळीनं मजकूर वाचून दाखवतात, मी टाईप करते. कुरतडलेल्या कोपऱ्यांवर फिल्म लावलीय, वह्या कोरड्या जागी ठेवल्यात, काळजी करू नका.

पाचव्या वहीत, त्रेचाळिसाव्या पानावर, मोटेच्या पाण्याच्या भांडणाचा निवाडा आहे. दोन्ही भावांनी कबूल केला असं लिहिलंय, पण पाण्याची पाळी किती दिवसांची ठरली तो आकडा शाईत फुटलाय. तीन आहे की आठ? रविवारी सकाळी वही घेऊन येते. भिंग काढून ठेवा.

तुमची,
फ्लेक्सच्या दुकानातली